शाईकाकांची सही

शाईकाका कुत्र्याला भीत नसत, साहेबाला भीत नसत, दवाखान्यातल्या सुईलाही भीत नसत. ते भीत एकाच प्रश्नाला. "हा रंग कसा वाटतो हो?" असं कुणी सहज विचारलं, पडद्याबद्दल असो की नव्या स्वेटरबद्दल, की ते विषय बदलायचे. कारण शाईकाकांना लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. जन्मापासूनच. आणि ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे त्यांची बायको. ती आता राहिली नव्हती.

शाईकाका हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. सारा जन्म छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेला, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर निळ्या शाईचा डाग कायमचा बसला, आणि शेजारच्या पोरांनी नाव पाडलं. निळा त्यांना दिसायचा. काळं अक्षर दिसायचं, पांढरा कागद दिसायचा, आणि एवढ्यावर पोट भरता येतं हे कळल्यावर त्यांनी तो धंदा घट्ट धरला. लोक म्हणत, काय भाषेची आवड आहे या माणसाला! आवड नंतर लागली. आधी होती ती निव्वळ भीती.

भीतीचं मूळ शाळेत होतं. चित्रकलेच्या तासाला त्यांनी एक झाड रंगवलं होतं, मन लावून. मास्तरांनी वही वर धरून वर्गाला दाखवली आणि विचारलं, "काय रे, झाडाला आग लावलीस का?" सगळा वर्ग खिदळला. पोराला मात्र आग कुठे लागली तेच दिसेना. त्या दिवसापासून अळीमिळी गुपचिळी. सिग्नलचा वरचा दिवा म्हणजे थांबा, खालचा म्हणजे जा. टोमॅटो दाबून घ्यायचा, केळं हुंगून. कुणी रंगाचं विचारलंच तर चष्मा पुसत बसायचं.

बायकोनं मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात पकडलं. "अहो, कपाटातली हिरवी शाल देता का?" शाईकाकांनी लाल आणून दिली. तिनं मुकाट्यानं लाल शाल पांघरली. दुसऱ्या दिवशी दोऱ्यांची रिळं घेऊन समोर बसली आणि एकेक उचलून विचारायला लागली. शाईकाका अंदाजानं सांगत गेले. सगळी रिळं संपल्यावर ती म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, दुसरं कुणी आहे मनात." मग तिनं त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरला आतून काळ्या दोऱ्याच्या गाठी मारल्या, आणि पँटींनाही. एका गाठीचा सदरा एका गाठीच्या पँटवर, दोन गाठींचा दोनवर. छापखान्यात त्यांच्या टापटिपीचं कौतुक व्हायचं. ती गेल्यावर गाठींचे सदरे विरत गेले, आणि शाईकाका नुसते पांढरे घालायला लागले.

आता या घरात जन्माला कोण यावं? चित्रकार! एकुलती एक लेक चालायला लागली ती भिंतीवर रेघोट्या ओढतच. आणि दर चित्र आधी बाबांना दाखवायची. "बाबा, रंग कसे झालेत?" शाईकाका काय सांगणार? मग त्यांनी एक युक्ती काढली. "थांब हं, उजेडात बघतो," म्हणत ते चित्र घेऊन स्वयंपाकघरात जायचे. तिथे बायको ओल्या हातानं, चित्राला न शिवता, वाकून बघायची आणि त्यांच्या कानात सांगायची. "छत्रीचा लाल जिवंत झालाय म्हणा." बाहेर येऊन शाईकाका म्हणायचे, "छत्रीचा लाल अगदी जिवंत झालाय." पोरगी उड्या मारायची. आई मागाहून पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "पुरे झालं, पसारा आवर."

वर्षानुवर्षं हे असंच चाललं. लेक मोठी झाली, चित्रकलेचं शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, तरी सुट्टीत आली की चित्र बाबांच्या हातात आणि बाबा स्वयंपाकघरात. आईनं मात्र तिच्या तोंडावर कधी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. ते लेकीच्या मनाला लागून राहिलं होतं.

आई गेल्यावर लेक काही महिने माहेरी राहिली आणि तिनं एकामागून एक लहान चित्रं काढली. सगळ्यांत एकच दार होतं, त्यांच्या जुन्या घराचं. कधी उघडं, कधी लोटलेलं, कधी त्यासमोर चपला. हे दार लाल होतं असं सगळे म्हणत. शाईकाकांच्या लेखी ते भिंतीतच मिसळलेलं असायचं, कडीवरून कळायचं. या चित्रांचं प्रदर्शन ठरलं, तिचं एकटीचं, पहिलंच. भिंती मोठ्या होत्या, म्हणून चित्रांचे मोठे प्रिंट काढायचे ठरले, साधे नव्हेत, वर्षानुवर्षं रंग न उडणारे, सुती कागदावरचे. असं काम करणारा नावाजलेला स्टुडिओ नेमका शाईकाकांच्या गावात, मूळ चित्रंही शाईकाकांच्या घरात, आणि लेक स्टुलावरून पडून पाय प्लास्टरमध्ये घालून तिकडे पडलेली.

"बाबा, तुम्हीच जा," ती फोनवर म्हणाली. "फोटो पाठवून उपयोग नाही, फोनवर रंग खोटे दिसतात. मूळ चित्र शेजारी ठेवूनच प्रूफ बघावं लागतं. आणि प्रूफ बघायला तुमच्यापेक्षा चांगला माणूस मी आणू कुठून?"

"अगं, पण मी अक्षरांची प्रूफं..."

"डोळे तेच ना? लहानपणापासून तुमच्या डोळ्यांवर तर चित्रं काढतेय मी."

शाईकाका 'बरं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

स्टुडिओ एका शांत गल्लीत, तळमजल्यावर होता. आत शिरताच शाईकाकांना छापखान्याचा वास येईल असं वाटलं होतं, पण वास कसलाच नव्हता. भिंती करड्या, पडदे करडे, टेबल करडं, आणि स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंचा एप्रनसुद्धा करडा. इथे रंगाला भिंतीचा रंग लागू नये म्हणून असं, हे बाईंनीच सांगितलं. वयानं पन्नाशीच्या, केस आखूड, हातात पांढरे हातमोजे. कोपऱ्यात जेवणाच्या टेबलाएवढं मशीन होतं आणि त्यात कागदाचं जाडजूड भेंडोळं अडकवलेलं होतं.

"काका, चित्रं मी काढते पिशवीतून. तुम्ही नका हात लावू."

मग बाईंनी कागदांचे नमुने समोर मांडले. एक गुळगुळीत, एक खडबडीत, एक मधलाच. इथे मात्र शाईकाका जरा सावरले. त्यांनी प्रत्येकाची कड अंगठा आणि बोटात धरून चोळली, उजेडासमोर धरली आणि मधला बाजूला काढला. "याला दाणा आहे. शाई बसेल, फुटणार नाही. आणि चारी बाजूंनी कोरी जागा जास्त सोडा, चौकटीत चित्र गुदमरायला नको."

"कागद कळतो तुम्हाला," बाई म्हणाल्या. शाईकाकांची छाती जरा फुगली. तेवढ्यात बाईंनी उघड्या दाराचं चित्र कॅमेऱ्याखाली टिपून घेतलं, मशीनमधलं शाईचं खोकं इकडून तिकडे धावलं, आणि कागदाच्या दोन लांबट पट्ट्या बाहेर आल्या. दोन्हींवर त्याच दाराचा एक तुकडा. बाईंनी टेबलावरचा दिवा लावला, मध्ये मूळ चित्र ठेवलं, डाव्या उजव्या हाताला पट्ट्या ठेवल्या आणि मागे सरून उभ्या राहिल्या.

"बघा. मूळ चित्राशी कुठली जुळते ते सांगा. हे दार जुळलं की बाकीची सगळी चित्रं त्याच मापानं निघतील."

"दोन्हींत फरक काय केलाय?" शाईकाकांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते मी सांगणार नाही. सांगितलं की डोळे ऐकलेलं बघायला लागतात."

झालं! शाईकाका वाकले. डावी बघितली, उजवी बघितली, मधलं बघितलं. तिन्हीकडे तोच मातकट तुकडा आणि तीच कडी. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मागे स्वयंपाकघर नव्हतं आणि ओल्या हातांची बायको नव्हती. शाळेतला तो खिदळणारा वर्ग मात्र भोवती बसल्यासारखा वाटायला लागला. आता ही बाई म्हणेल, काय हो, एवढं दिसत नाही? मग लेकीला कळेल. मग लेक मागे वळून आपलं एकेक चित्र आठवेल आणि विचारेल, तेव्हा बाबांनी काय बघितलं होतं? तिचा सारा धीर ज्या डोळ्यांवर उभा, ते डोळेच खोटे निघायचे.

"ही," शाईकाकांनी डावीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हिचा लाल जिवंत आहे."

बाईंनी पट्टीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ही? नक्की?"

"नक्की."

"मग मागे सही करा."

हजारो प्रूफांवर सहज सही करणाऱ्या हाताला तेवढी एक सही जड गेली. बाईंनी सही केलेली पट्टी ठेवून घेतली आणि तशीच आणखी एक काढून त्यांना दिली, घरी असू द्या म्हणून. दुपारपासून मोठे प्रिंट निघायला लागतील, असंही सांगितलं.

घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि तो उतू गेला. लेकीचा फोन आला. "कुठली निवडलीत, बाबा?"

"जिचा लाल जिवंत आहे ती."

ती पलीकडे एवढी हसली की प्लास्टरमधला पाय दुखला. "हेच, हेच ऐकायचं होतं मला! बाबा, त्या दाराचा लाल फिका पडला ना, तर चित्रात काही उरत नाही. नुसती भिंत उरते. आईला दाखवलं असतं तर म्हणाली असती, पसारा आवर. शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही हो ती माझ्या चित्रांबद्दल. तुम्ही नसतात तर मी केव्हाच सोडून दिलं असतं."

शाईकाका ओट्याला धरून उभे राहिले. "पायाला जप," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

चोराच्या मनात चांदणं. पट्टी टेबलावर ठेवली तर टेबलावरून त्यांच्याकडे बघायची, खिशात घातली तर खिशातून. निम्मी निम्मी शक्यता होती, म्हणजे निम्मी शक्यता बरोबर असण्याचीही होती, असं ते स्वतःला समजावत होते. पण समजूत पटेना. शेवटी दुपारी ते जिना उतरून खालच्या शिंप्याकडे गेले. विचारायचं पण कळू द्यायचं नाही, ही विद्या त्यांना पाठच होती.

"या दाराच्या रंगाचा दोरा आहे का? बटण लावायचंय."

शिंप्यानं पट्टी खिडकीशी धरली, खण उघडला, रिळं चाळली आणि एक काढून पट्टीवर ठेवलं. "हा घ्या. चॉकलेटी. अगदी मिळून गेला बघा."

"लाल नाही?"

"काका, चष्मा बदला आता. यात लाल कुठंय?"

शाईकाका शिंप्याच्या स्टुलावर बसले, आणि शिंप्यानं पाणी विचारलं तरी त्यांना ऐकू आलं नाही. सगळी दारं चॉकलेटी. सगळ्या भिंतीच भिंती. लोक येतील, बघतील, निघून जातील, आणि लेक प्लास्टर घालून खुर्चीत बसलेली असेल. स्टुडिओनंच घोळ केला असं म्हणून हात झटकता आले असते, पण मागे सही होती. मग त्यांना वाटेत सुचलं, कारण तोवर ते रस्त्याला लागलेच होते, पायात घरातल्या सपाता घालून, की एवढं घाबरायचं कशाला? जाऊन म्हणायचं, मन बदललं, उजवी घ्या. संपलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ते पोचले तेव्हा मशीन चालू होतं. पहिला मोठा कागद निम्मा बाहेर आला होता.

"थांबवा!" शाईकाका दारातूनच ओरडले. कोपऱ्यात आपल्या कामाची वाट बघत बसलेला एक फोटोग्राफर दचकून उभा राहिला. "मन बदललं. उजवी. उजवी पट्टी घ्या."

बाईंनी मशीन थांबवलं. रागावल्या नाहीत, उलट त्यांना हायसं वाटल्यासारखं दिसलं. "बरं झालं आलात. सही होती म्हणून लावलं मशीन, पण मन मानत नव्हतं माझं. तुम्ही गेल्यावर मी आणखी एक काढून बघितली, दोन्हींच्या मधली." आणि त्यांनी दिव्याखाली मूळ चित्राशेजारी दोन पट्ट्या ठेवल्या. "आता ही उजवी, आणि ही मधली. सांगा."

शाईकाका टेबलाशी आले. तोच दिवा, तीच कडी, तोच मातकटपणा. पुन्हा निम्मी शक्यता. फोटोग्राफर मागून मान लांब करून बघत होता. एक बोट ठेवलं की सुटका होती, आणि बोट उचललंही गेलं. पण त्या बोटावर शाईचा डाग होता, आणि या डागानं आजवर न वाचता एक ओळ पुढे जाऊ दिली नव्हती. बोट तसंच हवेत राहिलं.

"ताई," ते म्हणाले, "मला लाल दिसत नाही."

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. बायकोलासुद्धा सांगावं लागलं नव्हतं.

"म्हणजे सकाळी..."

"सकाळी भीतीनं सही केली. मला दोन्ही सारख्याच दिसल्या."

कुणी हसलं नाही. फोटोग्राफर उगाचच आपली पिशवी आवरायला लागला. बाईंनी हातमोजे काढले, खुर्ची पुढे केली, आणि म्हणाल्या, "काका, मी निवडू शकते. पण चित्र माझं नाही. ज्यांचं आहे त्यांना सांगायला हवं."

म्हणजे खरं बाकीच होतं. शाईकाकांनी फोन लावला. लेकीनं 'हॅलो' म्हणताच त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं, वाक्याला स्वल्पविराम नाही की काही नाही. लाल दिसत नाही, हिरवा दिसत नाही, कधीच दिसला नव्हता, सकाळची पट्टी चॉकलेटी निघाली, शिंपी म्हणाला.

मग लेक कोरडेपणानं म्हणाली, "फोन त्या बाईंना द्या."

शाईकाका खुर्चीत बसून राहिले. गेली, त्यांना वाटलं, लेक गेली हातची. बाई फोनवर बोलत होत्या ते तुटक कानावर पडत होतं. "उजवीतलं दार अंगावर येतं... मधलीतलं? मधलीत आधी दार दिसतं, मग भिंत... हो, मूळ चित्रातही तसंच... बरं, मधली." त्यांनी निम्मा निघालेला कागद कापून बाजूला ठेवला आणि फोन परत शाईकाकांच्या हातात दिला.

"बाबा." आवाज बदललेला होता. "'छत्रीचा लाल जिवंत झालाय.' हे मग कोण म्हणालं?"

शाईकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि 'झाडांना एवढा हिरवा फासू नकोस, त्यांना श्वास घेऊ दे'?"

"तुझी आई," शाईकाका म्हणाले. "मी चित्र घेऊन आत जायचो ना, तेव्हा. सगळं तिचंच. मी फक्त बाहेर आणून वाचून दाखवायचो."

"सगळं?"

"'कागद चांगला वापरलास,' तेवढं माझं."

पलीकडे हसू फुटलं की रडू, ते त्यांना कळलं नाही. दोन्ही असावं. मग लेक म्हणाली, "मला का नाही म्हणाली ती कधी? एकदा तरी?"

शाईकाकांनी डोळे मिटले. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जसंच्या तसं राखलेला माणूस तो, गाळलेला शब्द त्यांना कधी सहन झाला नाही. पण एक वाक्य त्यांनी स्वतः गाळलं होतं, दर वेळी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"प्रत्येक चित्राला शेवटी ती एक सांगायची," ते म्हणाले. "'मी म्हणाले असं सांगू नका हो. माझ्यासाठी काढायला लागेल मग पोरगी. तिला तिचं काढू दे.'"

मशीन पुन्हा सुरू झालं होतं. कागद बोट बोट पुढे सरकत होता आणि त्यावर काय उमटतंय ते शाईकाकांना कडीवरूनच कळत होतं. फोनमधून हुंदका ऐकू आला, मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग लेक म्हणाली, "बाबा, छत्रीपासून सुरू करा. आणि आता काही गाळू नका."